टँकर पेटला का नाही?

“चूक ती चूक. दिग्दर्शक पुढे मोठा झाला म्हणून तिचं कौतुक करायचं का?” पश्यानं सुरुवातच अशी केली.

विषय होता ‘ड्युएल’. १९७१ साली एबीसी या अमेरिकन वाहिनीसाठी केलेला सिनेमा. स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा चोवीस वर्षांचा. लाल प्लिमथ व्हॅलियंटमधून निघालेला डेव्हिड मॅन एका कळकट पीटरबिल्ट टँकरला ओव्हरटेक करतो. तेवढ्यावरून तो टँकरवाला कॅलिफोर्नियाच्या उजाड रस्त्यांवर त्याच्या जिवावर उठतो. झालं, एवढीच गोष्ट.

पश्याकडे चुकांची यादी तयार होती. फोन बूथच्या काचेत खुद्द स्पीलबर्गचं प्रतिबिंब. एका ठिकाणी तर साहेब मॅनच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेले दिसतात. आणि मागे टाकलेलं वळण थोड्या वेळानं पुन्हा समोर हजर!

“मागच्या सीटचं सोड,” केतकी म्हणाली. “तो टीव्हीच्या चौकोनी पडद्यासाठी काढलेला सिनेमा आहे. मूळचा ७४ मिनिटांचा. युरोपातल्या थिएटरांसाठी नंतर वाढवून ९० मिनिटांचा केला. शाळेची बस, रेल्वे क्रॉसिंग हे सगळं तेव्हा घातलंय. पडदा रुंद झाला आणि जे कडेला लपलं होतं ते बाहेर आलं.”

“आणि काचेतलं?”

“ते गेलं तुझ्या खात्यात.”

वळणांच्या बाबतीत मात्र मी पश्याच्या बाजूला नाही. दहा दिवसांचं शूटिंग ठरलेलं, ते कसंबसं बारा-तेरा दिवसांत उरकलं. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सोलेडाड कॅन्यनच्या आसपासचा मोजका रस्ता हाताशी. स्पीलबर्गनं सगळ्या पाठलागाचा एकच लांबलचक नकाशा काढून घेतला आणि मॉटेलच्या खोलीत भिंतींवर लावला. रस्त्याकडेला कॅमेरे ओळीनं मांडायचे, गाड्या एका दिशेनं पळवायच्या, मग कॅमेरे फिरवून तोच रस्ता उलट्या दिशेनं वापरायचा. डोंगर पुन्हा पुन्हा दिसणारच. पाहताना ते लक्षात येत नाही. दुसऱ्यांदा, हातात रिमोट घेऊन बसलं की येतं. आणि रिमोट घेऊन बसणाऱ्यासाठी कुणी सिनेमा काढत नाही.

“अण्णा, तुम्ही बोला,” सुन्या म्हणाला. अण्णांची हयात टँकर चालवण्यात गेली. त्यांनी ‘ड्युएल’ आमच्या आग्रहाखातर पाहिला होता.

“सपाटीवर तो टँकर जसा उडतो ना, ते काही आपल्याला पटलं नाही. जुनी डिझेल गाडी ती. पण चढाचं बरोबर दाखवलंय. मॅनला कळतं की चढावर हा आपल्याला गाठणार नाही, म्हणून तो चढावर गाडी दामटतो. आणि तिथंच रेडिएटरचा होज पाइप जातो. आता पंपावरच्या पोऱ्यानं त्याला आधीच सांगितलेलं, की साहेब, पाइप बदला. यानं ऐकलं नाही. गाडी तापली, वाफा निघाल्या, कशीबशी माथ्यावर पोचली, मग न्यूट्रलमध्ये उतार. खंबाटकीत हे रोज बघायचो आम्ही.”

“पण शेवट?” पश्या हटेना. “टाकीवर ‘ज्वलनशील’ लिहिलंय. व्हॅलियंट धडकल्याबरोबर पेटते. आग टँकरच्या तोंडाशी. दोन्ही गाड्या कड्यावरून खाली जातात आणि टँकर पेटतच नाही?”

“रिकामा असेल,” सुन्या.

अण्णा हसले. “रिकाम्यालाच जास्त भ्यायचं असतं, बाबा. भरलेल्या टाकीत हवेला जागा किती? रिकाम्यात तळाशी उरलेल्या तेलाची वाफ आणि हवा, दोन्ही मिसळलेलं. ठिणगी लागली की संपलं. म्हणून तर रिकाम्या टाकीला वेल्डिंग करायचं म्हटलं की आधी ती धुवून, वाफ काढून घेतात.”

मग केतकीनं सांगितलं की वाहिनीला स्फोट हवाच होता, स्पीलबर्गच अडून बसला. टँकर एखाद्या जनावरासारखा सावकाश मरायला हवा, असं त्याच्या डोक्यात. पडताना जो आवाज येतो तोही डरकाळीसारखा. चार वर्षांनी ‘जॉज’मधला शार्क मेला तेव्हा स्पीलबर्गनं तोच आवाज पुन्हा वापरला.

“म्हणजे मुद्दाम केली की चूक माफ,” पश्या कुरकुरला.

मला विचाराल तर खरी खटकणारी चूक वेगळीच आहे. टँकर कड्यावरून जातो तेव्हा त्याचं ड्रायव्हरकडचं दार उघडं दिसतं. स्टंट ड्रायव्हर कॅरी लॉफ्टिननं ऐन कड्यापाशी उडी मारली होती, त्याची ती खूण. सिनेमाभर टँकरवाल्याचे फक्त बूट आणि हात दिसतात, चेहरा नाही. सगळी भीती त्या न दिसण्यात. गाडी आणि माणूस एकच आहेत असं वाटायला लागलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच ते दार सांगतं की आत कुणीतरी होता, आणि तो उतरला. मग मॅन कड्यावर नाचतो ते कशासाठी? रस्ता, मागची सीट, काच, सगळं चालेल, पण हे दार गोष्टीच्याच मुळावर येतं.

“कुणाला दिसतं ते?” केतकी. “तेव्हा सगळे खाली दरीत बघत असतात.”

“मला दिसलं.”

“तू पश्याच्या वळणावर चाललायस.”

अण्णांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. “तेवढ्या धुरात, कड्याला खेटून, चालत्या गाडीतून उडी,” ते म्हणाले. “ड्रायव्हर म्हणायचं तर त्याला. तुमच्या त्या मॅनला एक पाइप वेळेवर बदलता आला नाही.”