१०२.७ वर आबा

मावशीनं कालपासून मला 'इंजिनियर' म्हणायचं बंद केलंय. ही पदवी तिचा मिक्सर चालू करून दिला तेव्हा तिनंच दिली होती आणि तिनंच परत घेतली. फोनवर एवढंच म्हणाली, "शेजारच्या पोरीनं रेडिओसमोर मोबाइल धरला असता तरी भागलं असतं बघ." म्हणणं बरोबर आहे, म्हणून जास्त लागलं.

मावशीच्या भजनी मंडळाच्या जात्यावरच्या ओव्या आकाशवाणी कोल्हापूरवर, म्हणजे एफएम १०२.७ वर, लागणार होत्या. जेमतेम नऊ मिनिटं, आणि नेमकं त्या सकाळी अख्खं मंडळ पंढरपुरात. "टेप करून ठेव," मावशी म्हणाली. शहाणा माणूस अशा वेळी रेडिओ विकत आणतो. मी म्हणालो, बनवतो.

मोबाइलवर का नाही ऐकत, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एक पाटीच लावावी म्हणतोय. मोबाइलमधल्या एफएमला इअरफोनची वायर हाच एरियल. कंपन्यांनी इअरफोनचं भोकच काढून टाकलं, एरियलही गेला. सरकारनं २०२३ मध्ये मोबाइलवाल्यांना सांगितलं की एफएमची सोय बंद ठेवू नका. माझ्या मोबाइलनं ते ऐकलेलं दिसत नाही. त्याला तीन कॅमेरे आहेत, पैकी एक कशासाठी आहे हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण आमच्या दूधवाल्याच्या बटणाच्या फोनवर जे लागतं ते याच्यावर लागत नाही. असो. रक्तदाब वाढतो.

लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात गेलो. म्हटलं, "टीडीए सात हजार आहे का?"

दुकानदारानं मान वर केली. "सात हजारांचं काय पायजे?"

"सात हजारांचं नाही. टीडीए सात हजार. रेडिओची आयसी."

"आयसी सात हजाराला? कुणी गंडवलं तुमास्नी?"

शेवटी ऑनलाइन मागवली. फिलिप्सनं १९८३ च्या सुमारास काढलेली ही अठरा पायांची चिप. अख्खा एफएम रेडिओ तिच्या पोटात. बाहेरून जोडायचे कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे बारके भाग, मूठभर आणि गुंडाळायची एक कॉइल. पण त्या कॉइलमध्येच सगळी मेख. बॉलपेनच्या रिफिलवर तांब्याच्या तारेचे पाच वेढे घ्यायचे, रिफिल काढायची आणि मग काडेपेटीच्या काडीनं वेढे फाकवायचे. फाकवले की फ्रीक्वेन्सी वर, दाबले की खाली. १०२.७ वर आणायला मला दोन संध्याकाळी आणि एक काडेपेटी लागली. बायकोनं देवापुढे निरांजन लावायला काडी शोधली तेव्हा पेटीत एकच होती, तीही गुल झडलेली.

एरियलला तार हवी ७३ सेंटिमीटर. तरंगलांबीचा चौथा हिस्सा. ती गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीला बांधली, शेजारी स्टुलावर सर्किट. रेडिओतून दोन वायरी काढल्या: एक छोट्या स्पीकरला, म्हणजे आपल्याला ऐकू येईल, आणि दुसरी यूएसबीच्या साउंड कार्डात, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या डबीत, तिथून लॅपटॉपमध्ये. चार्जर लावला की ५० हर्ट्झचा 'गुंऽऽ' येतो, म्हणून लॅपटॉप बॅटरीवर. बॅटरी जुनी, अर्ध्या तासाची धनी.

कार्यक्रमाला दहा मिनिटं असताना आबा वर आले. आबा म्हणजे खालच्या मजल्यावरचे. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. दोरीवर त्यांची बंडी वाळत होती, ती बघायला आले आणि बंडीशेजारी माझी तार दिसली.

"हे काय?"

"एरियल आहे, आबा. रेडिओ बनवलाय."

"बनवलाय? का, बाजारातलं संपलं?"

"रेकॉर्डिंग करायचंय. मावशीच्या ओव्या लागणारायत."

"लायसन हाय?"

"आता लागत नाही, आबा. ऐंशीच्या दशकातच बंद झालं ते."

"तुला कुणी सांगितलं? आमच्या वडलांनी पोस्टात जाऊन पैसं भरलेत. घरात पुस्तक हाय अजून. दावू?"

इतक्यात स्पीकरमधनं हिंदी गाणं सुरू झालं. कॉइल सरकली होती. मी काडी घेऊन वाकलो, आबाही वाकले आणि एकदम निवेदिकेचा आवाज आला, स्वच्छ, आरशासारखा. आबा मागे सरले. खरखर. पुढे आले. निवेदिका.

कारण साधं आहे. बाहेरचा परिणाम अडवणारा पत्र्याचा डबा मी कॉइलवर अजून बसवला नव्हता आणि माणसाचं अंग म्हणजे चालताबोलता कंडेन्सर. जवळ आलं की फ्रीक्वेन्सी थोडी खाली सरकते. आबांची चरबी कोल्हापुरी, चार पिढ्यांच्या तांबड्या-पांढऱ्यावर पोसलेली. नेमकी तेवढीच कमी पडत होती.

"आबा, तिथंच थांबा. हलू नका."

"का? शॉक बसतोय काय?"

"नाही नाही. तुमच्यामुळं स्टेशन लागतंय."

आबांनी हे कसं घेतलं ते सांगायला हवं. पहिल्यांदा दचकले. मग छाती पुढे आली. मग एक हात कमरेवर गेला. गच्चीवर रेड्याशी झुंज जिंकलेला माणूस उभा राहील तसे उभे राहिले. समोरच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या काकूंना ओरडून म्हणाले, "वहिनी, रेडिओ माझ्यावर चाललाय!"

"आबा, जरा..."

"हलू नका म्हणालास. बोलू नका म्हणाला न्हाईस."

याच्यावर बोलायला मला काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

ओव्या सुरू व्हायला मिनिट असताना आबांनी पाय बदलला. त्यांच्या पायात वायर आली आणि साउंड कार्ड निघालं. मी झडप घालून परत खोचलं, सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डचं बटण दाबलं. स्क्रीनवर हिरव्या पट्ट्या नाचायला लागल्या. मी कृतार्थ झालो. नऊ मिनिटं काडी धरून कॉइलजवळ बसलो आणि पट्ट्यांकडे मधून मधून कौतुकानं बघितलं.

घरी जाऊन ऐकलं तेव्हा कळलं. कार्ड निघाल्यावर लॅपटॉपनं परस्पर स्वतःचा माइक धरला होता. पट्ट्या नाचत होत्या त्या आबांच्या तालावर. लांब कुठंतरी, विहिरीच्या तळातून यावी तशी मावशी दळतेय आणि तिच्या छाताडावर बसून आबा गारगोटीच्या गाडीचे ब्रेक फेल झाले होते तो किस्सा सांगतायत. मध्ये दम खायला थांबले, आणि मग: "ह्या पोराचं काय खरं न्हाई. बँकेत हाय म्हनं. बँक कशी चालतीया कुणास ठावं." मी काडी धरून शेजारीच बसलो होतो आणि हे मला ऐकू आलं नव्हतं. इतका मी पट्ट्यांवर खूश होतो.

तरी पाठवलं. लपवायचं तरी काय? कार्यक्रम पुन्हा लागेल का, हे विचारायचं धाडस झालं नाही. मावशी चिडली ती तासभर. रात्री मावसभावानं सांगितलं, मंडळात ती फाइल फिरतेय. ओव्यांसाठी नव्हे. ब्रेकच्या किश्शासाठी. घाट कुठं संपला आणि पुढं काय झालं, हे नऊ मिनिटांत मावलं नाही, तर बायका विचारतायत. मावशीनं परत फोन केला, "तो मागं बोलणारा कोण रे? मी दोनदा ऐकलं. पुढचं पण टेप कर म्हणावं."

पुढचं. माझे सोळा कंडेन्सर, अठरा पायांची चिप, एक काडेपेटी.

मी आबांना काहीच सांगितलं नव्हतं. वाळवणवाल्या काकूंनी सांगितलं असावं. आज सकाळी कॉइलवर बसवायला पत्र्याचा डबा कापत होतो, तर आबा वर आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. डब्याकडे बघितलं, म्हणाले, "हे कशापायी? मी हाय की," आणि तारेजवळ जाऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"हं. कर चालू."