पॉस्टलथ्वेट यांचा तोच चेहरा, वेगळी माणसं

प्रतिक्रियेबद्दल आभार. सडेतोड लिहिलंत, ते बरं केलंत. तुमचा आक्षेप असा: ब्रिटिश नट पीट पॉस्टलथ्वेट यांना मी उगाच अष्टपैलू ठरवलं, वर आलेल्या गालफडांवरच त्यांचं निभावलं, नायक ते कधी झाले नाहीत आणि ‘द यूज्वल सस्पेक्ट्स’ या सिनेमातला त्यांचा वकील तर हास्यास्पद आहे.

चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही, खरंय. पण त्याच चेहऱ्यानं केलेले दोन बाप बघा. ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज’ (1988) मधला लिव्हरपूलचा बाप नाताळच्या आदल्या रात्री झोपलेल्या पोरांकडे मायेनं बघतो, आणि नंतर नाताळच्याच जेवणाला टेबलावरचं कापड ताटांसकट खेचून फेकतो. मधे कारण काहीच दाखवलेलं नाही. तरी माणूस एकच वाटतो, आणि त्याचीच भीती वाटते. पाच वर्षांनी ‘इन द नेम ऑफ द फादर’मधले जुझेप्पे कॉनलन: बेलफास्टचे आजारी, देवभक्त गृहस्थ, मुलामागोमाग खोट्या आरोपात तुरुंगात गेलेले. हे खरे कॉनलन 1980 मध्ये कैदेतच वारले. समोर मुलाच्या भूमिकेत डॅनियल डे-लुईस धुमसतोय आणि पॉस्टलथ्वेट आवाज खालीच ठेवतात. ऑस्करचं नामांकन याच भूमिकेला मिळालं.

आता तो वकील. (सिनेमा न पाहिलेल्यांनी हा परिच्छेद गाळावा.) नाव कोबायाशी, पण माणूस जपानी नाही, आणि उच्चार कुठले याचा पत्ता लागत नाही. खटकतं ना? खटकायलाच हवं. तो आपल्याला दिसतो एका थापाड्याच्या जबानीतून, नावसुद्धा कपाच्या बुडावरून उचललेलं. असल्या माणसाला अस्सल उच्चार कुठून असणार?

नायक व्हायचं म्हणाल, तर ‘ब्रास्ड ऑफ’ (1996) मधला डॅनी आहेच. यॉर्कशरमधली कोळशाची खाण बंद पडतेय, फुप्फुसं धुळीनं गेलीत आणि याला चिंता खाणकामगारांच्या बँडच्या सुरांची. 2008 मध्ये लिव्हरपूलच्या एव्हरीमॅन थिएटरात त्यांनी किंग लिअर केला. तरुणपणी उमेदवारी केली तीही याच थिएटरात.

दिग्दर्शक स्पीलबर्गचं ‘जगातला सर्वोत्तम नट’ हे प्रशस्तिपत्रक मी मुद्दाम पुढे करत नाही. पॉस्टलथ्वेट यांनीच त्याची टिंगल केली होती: स्पीलबर्ग म्हणाले असतील, ‘पीटला वाटतं की तो जगातला सर्वोत्तम नट आहे’!

स्पीलबर्गच्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’ या डायनोसॉरच्या सिनेमातलं त्यांचं काम तुम्हाला आवडलं नसेल, तर त्याबद्दल तुमच्याशी माझं भांडण नाही. 1988 चा तो सिनेमा मात्र बघा, आणि मग हवं तेवढं भांडा.