गावाची खोली

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला आणि मुली मुलांच्या पुढे, ही बातमी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे (२०२४ साली विभागाचा दहावीचा निकाल ९९.०१ टक्के होता), की पेढे वाटून झाल्यावर त्या मुलींचे पुढे काय होते, हे विचारायचेच राहून जाते.

आमच्या भागात पुढचे शिक्षण म्हणजे मुंबई, आणि मुंबई म्हणजे गावाची खोली, गावकऱ्यांनी मिळून तिथे राखलेली. गिरणीत जाणाऱ्यांच्या पिढ्या या खोल्यांनी सांभाळल्या. पुढे शिकणारी मुलेही तिथेच उतरली. मी दोन वर्षे तिथे काढली. भिंतीला ओळीने पत्र्याच्या ट्रंका, रात्री दोघांत एक सतरंजी, अभ्यासाला गॅलरीतला दिवा. गैरसोय पुष्कळ होती, पण ‘राहणार कुठे?’ असे मला कोणी विचारले नाही. बारावीला माझ्यापेक्षा अकरा टक्के जास्त मिळवणाऱ्या धाकट्या बहिणीला मात्र तेवढेच विचारले गेले. खोलीत बाया राहत नाहीत, विरारला काकांकडे दोन खोल्यांत पाच माणसे, आणि वसतिगृहाचे नाव काढले की आजी म्हणे, ‘पोरीला कोणाच्या भरवशावर ठेवायचं?’ संध्याकाळच्या शेवटच्या एसटीने घरी परतता येईल असे तालुक्याचे कॉलेज तेवढे उरले. तिथे विज्ञान शाखा नव्हती, म्हणून विज्ञान सुटले. दुसऱ्या वर्षाला असताना स्थळ आले.

मुलींनी शिकू नये, असे आमच्या घरी कोणीही, कधीही म्हटलेले नाही. ‘नको’ म्हणणाऱ्याशी भांडता येते. ‘काळजी वाटते’ म्हणणाऱ्याशी काय भांडणार?

देवरुखच्या बालविधवा गोदूबाई १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुंबईतील शारदा सदनात शिकू शकल्या, कारण तिथे राहण्याची सोय होती. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला, तेव्हा कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याच कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. आधी छप्पर, मग विद्यापीठ, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

२०२४ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या अनेक कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले, हे योग्यच झाले. पण प्रवेशाचा अर्ज भरण्याआधीच जी घरी बसली, तिला या माफीचा काय उपयोग?

आमच्या ग्रामस्थ मंडळाने देवळाचा सभामंडप बांधला, कमान उभारली. (वर्गणी मीही दिली आहे.) गावाची खोली हल्ली बहुतेक वेळ बंदच असते. पाच-सहा गावांनी मिळून मुंबईत मुलींसाठी एक जागा भाड्याने घ्यावी आणि गावातलीच एखादी नोकरी करणारी बाई तिथे राहावी, म्हणजे आजीला हवे असलेले भरवशाचे माणूस आपणच दिल्यासारखे होईल, असे मी मे महिन्यातल्या सभेत मांडले. विरोध कोणीच केला नाही. इतिवृत्तात ते ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात शेवटच्या ओळीत आले आहे. सभेला एकही बाई नव्हती. चहा तेवढा आतून येत होता.