मुऱ्हाळी आला मोटारसायकलवर

जोर लावून सायकल चालवणाऱ्या बाईचा चेहरा रडवेला दिसतो, हे निरीक्षण माझे नाही. 1890 च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या डॉक्टर मंडळींनी ‘सायकलचा चेहरा’ नावाचा एक विकारच शोधून काढला होता. डोळे ताणलेले, जबडा आवळलेला, चर्या थकलेली अशी त्याची लक्षणे गंभीरपणे छापून येत आणि तो बायकांना विशेषकरून जडतो असे बजावलेही जाई. पुढे त्या विकाराचे काय झाले ते वैद्यकशास्त्र जाणे; पण यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी, तापीपलीकडच्या एका फाट्यावर तो माझ्या चेहऱ्यावर पुन्हा आढळला आणि निदान करणारे गृहस्थ पत्ते खेळत बसलेले होते.

मागचे फार सांगत बसत नाही. मी पंचावन्नी ओलांडलेली, शाळेतून निवृत्त झालेली, जळगावात राहणारी बाई असून माझ्याजवळ वाकड्या हँडलची, 28 मिलिमीटर रुंद टायरांची, एका हाताने उचलता येईल अशी सायकल आहे. वैशाखात आमच्याकडे दुपारचा पारा 43-44 अंशांना टेकतो, म्हणून मी उजाडण्याआधी निघते, ममुराबाद मागे टाकते, विदगावपाशी तापी ओलांडते, केळीच्या बागांमधून मन भरेपर्यंत पुढे जाते आणि ऊन चढण्याच्या आत घरी येते. त्या दिवशी मी फाट्यावर पाणी प्यायला थांबले होते आणि कपाळावरून डोळ्यांत उतरलेला खारट घाम ओढणीने टिपत होते, एवढेच.

आखाजीच्या दिवसांत पत्ते कुटण्याला खानदेशात सणाइतकीच मान्यता आहे. फाट्यावरच्या लिंबाखाली रात्री मांडलेला डाव अजून मोडलेला नव्हता. त्यातले सर्वांत वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांना सगळे आप्पा म्हणत होते, ते हातातली पाने पालथी ठेवून उठले, धोतराचा सोगा सावरत माझ्यापर्यंत आले आणि अत्यंत मायेने म्हणाले, “रडू नको वं माय. कोठे चालनी?”

मी रडत नाही, घाम आहे, असे सांगितले. रडणारी प्रत्येक बाई हेच सांगते, हे आप्पांना ऐंशी वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. मी फिरायला निघाले आहे असेही सांगितले, त्यावर त्यांनी वळून डावाकडे पाहिले आणि डावानेही पाने खाली ठेवली. मग आप्पांनी माझी तपासणी सुरू केली. डोक्यावरचे हेल्मेट पाहून “डोकाले काय लागेल शे?” असे विचारले. सीटखाली बांधलेली मूठभर पिशवी पाहून “इतलाज कपडा लिन्हा?” असे विचारले. ती पिशवी कपड्यांची नाही हे दाखवण्यासाठी मी ती उघडली आणि आतली घडी केलेली जादा ट्यूब बाहेर काढली. आप्पांनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली, माझ्या हातात परत दिली आणि भरल्या आवाजात मंडळींना जाहीर केले, “घरमाईन फक्त रबर लई निंघनी बिचारी.”

यानंतर माझ्या बोलण्याला काही किंमत उरली नाही. मंडळींत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे होते की हात नवऱ्याने उचलला असावा. दुसऱ्याला सासूचा संशय होता. माझ्या सासूबाई जाऊन बरीच वर्षे झाली, पण त्या सकाळी त्यांच्यावर नवे आरोप दाखल झाले. माझे यजमान त्या वेळी जळगावात गाढ झोपेत होते आणि त्यांच्या हातून आजवर डासाखेरीज कोणाला मार बसलेला नाही, हे मी सांगत राहिले. पण मार खाल्लेली प्रत्येक बाई हेही सांगते.

“मंग सायकल कसाले?” हा आप्पांचा खरा प्रश्न होता, आणि खरे सांगायचे तर तो चुकीचा नव्हता. याच रस्त्याने दुधाच्या किटल्या अडकवून येणारे म्हातारे सायकलस्वार रोज भेटतात. त्यांना कोणी कशाला म्हणून विचारत नाही, कारण त्यांच्या घामाला बाजारभाव आहे. माझ्या घामाला नाही, आणि सगळी गोडी तिथेच आहे. पहाटे तापीच्या पुलावर समोरून वारा आला की एक गिअर उतरवायचा, पायांची लय मोडू द्यायची नाही, मिनिटाला ऐंशी-पंच्याऐंशी फेरे ठेवायचे आणि श्वास त्या लयीत बसला की आपण किती वर्षांच्या आहोत याची वार्ताच शरीराकडून येणे थांबते. सबंध आयुष्य घंटेवर चाललेल्या, डबे भरलेल्या, वह्या तपासलेल्या बाईला कोणाच्याही उपयोगाचे नसलेले दोन तास मिळावेत, ही चैन सोन्याच्या बांगडीपेक्षा महाग आहे. शिवाय चढावर एखाद्या पोराला मागे टाकता येते, याचा आनंद मी लपवणार नाही. आणि गुडघ्यांचे म्हणाल, तर शरीराचा भार बराचसा सीटवर असल्यामुळे चालण्यापेक्षा ते बरे राहतात. हाडांना मात्र सायकलचा विशेष लाभ नाही, कारण त्यांना वजन पेलायला लागत नाही. म्हणून डॉक्टरांनी मला जिने चढायला आणि डंबेल उचलायलाही सांगितले आहे. तेही मी करते, पण त्यात गंमत नाही.

हे सगळे आप्पांना सांगणे शक्य नव्हते, म्हणून मी दाखला दिला. म्हटले, आप्पा, फ्रान्समध्ये रोबेर मार्शां नावाचे एक आजोबा होते. 2017 साली, वयाच्या 105 व्या वर्षी, त्यांनी एका तासात साडेबावीस किलोमीटर सायकल चालवली. 101 ते 103 या वयात सराव करून त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता कमी होण्याऐवजी सुमारे 13 टक्क्यांनी वाढली, असे शास्त्रज्ञांनी मोजून प्रसिद्ध केले आहे. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतले. सगळा डाव ऐकत होता. मग त्यांनी विचारले, “त्याले पोरं नही व्हतात का?”

इथे मी संभाषण संपवून पॅडलवर पाय ठेवायला हवा होता असे वाचकांना वाटेल. पण आप्पांनी हँडल धरून ठेवले होते. त्यांनी माहेर विचारले. माझे माहेर चोपडा तालुक्यात आहे, रस्ताही नेमका तिकडेच जात होता आणि उद्या आखाजी होती. सासुरवाशिणी ज्या सणाला माहेरी येऊन झोके घेतात, गौराई बसवतात, सांजोऱ्या खातात, त्याच्या आदल्या पहाटे एक बाई रबर घेऊन एकटी माहेरच्या वाटेला लागली आहे! आप्पांच्या दृष्टीने आता नवरा आणि सासू दोघेही निर्दोष सुटले आणि खरा गुन्हेगार सापडला. “मुऱ्हाळी उना नही!” ते कडाडले. मुऱ्हाळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारा भाऊबंद. पुढे त्यांनी भावाचे नाव विचारले आणि खानदेशात जे होते तेच झाले: आप्पा माझ्या भावाला ओळखत होते. दोघांची ओळख जिनिंगवर कापूस घालताना झालेली होती.

फोन लागला. आवाज मोठा ठेवलेला असल्यामुळे पुढचे सगळ्यांनी ऐकले. बहिणीला सायकलवर येण्याची वेळ आणणाऱ्या भावाची आप्पांनी यथास्थित हजेरी घेतली. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग माझा धाकटा भाऊ, ज्याला मी कडेवर घेऊन वाढवला, तो दबक्या आवाजात म्हणाला, “एकलीज शे का कोनी वकीलबिकील शे संगे?”

“रबर शे फक्त,” आप्पा म्हणाले.

मंडळी हसली, मीही हसले, पण मला ते अजून खुपते आहे. 2005 साली कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच वाटा दिला, आणि वडील गेल्यावर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन मी तो वाटा हक्कसोडपत्राने भावाला देऊन टाकला. आमच्याकडे सगळ्या बहिणी देतात. न देणारीला माहेर उरत नाही आणि देणारीला दरवर्षी आखाजीला साडी मिळते. गेली काही वर्षे ती साडीही कोणाच्या तरी हाती पाठवली जाते, कारण भावाला वेळ नसतो. त्याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता. पण सही करून इतकी वर्षे झाल्यावरही बहीण न कळवता निघाली म्हणताच भावाला पहिली आठवण वकिलाची व्हावी, यावरून मी ज्याला माया समजत होते त्याला तो काय समजत होता, हे मला फाट्यावर, परक्या माणसांसमोर कळले. असो. विषय सायकलचा आहे.

आप्पांनी निवाडा दिला: भाऊ येत नसेल तर मुऱ्हाळी गाव देईल. पुतण्याला उठवण्यात आले. त्याने मोटारसायकल काढली, आप्पा मागे बसले आणि पुढे मोटारसायकल, मागे मी अशी आमची वरात निघाली. परत फिरण्याचा मी एकदा प्रयत्न केला, तर पुतण्याने गाडी वळवून मला पुन्हा रस्त्याला लावले. आप्पा मान मागे वळवून सतत हाताने बोलावत होते, “ये माय, ये!” आणि धूर माझ्या तोंडावर येत होता.

यातून एक तांत्रिक घात झाला. पुढे वाहन असले की ते हवा कापते आणि मागच्या सायकलस्वाराला फार कमी जोर लावावा लागतो. सपाट रस्त्यावर वेग वाढला की बहुतेक ताकद वाऱ्याशी झगडण्यातच जाते. 2018 साली अमेरिकेत डेनिस म्युलर-कोरेनेक या बाईने, वयाच्या 45 व्या वर्षी, शर्यतीच्या गाडीमागे राहून मिठाच्या मैदानावर ताशी 296 किलोमीटर वेग गाठला तो याच तत्त्वावर. माझ्यापुढे शर्यतीची गाडी नव्हती, पण आप्पा अंगाने भरदार होते आणि त्यांचे धोतर फुगलेले होते. परिणाम असा की त्या टप्प्यावर मी आयुष्यात कधी गेले नव्हते अशा वेगाने गेले, आणि मोबाइलमधल्या ॲपने तो माझा सर्वोत्तम वेळ म्हणून नोंदवून वर अभिनंदनही केले. एवढे महिने वाऱ्याला तोंड देऊन जे सेकंद मी एकेक करून वाचवले होते, ते सगळे एका धोतराच्या आडोशाने फुकट गेले. हे दुःख घरात कोणाला सांगितले तर चहा पुढे करतात.

भाऊ दारातच उभा होता. माझ्या मागे कोणी उतरत नाही याची खात्री करून घेतल्यावर त्याचा चेहरा मोकळा झाला. वहिनीने सांजोऱ्या तळायला घेतल्या होत्या, त्या उत्तम होत्या. आप्पांनी भावाला दुसऱ्यांदा सुनावले, चार सांजोऱ्या खाल्ल्या आणि दोन रुमालात बांधून घेतल्या. साडी या वर्षी हातोहात मिळाली. रंग बरा आहे. ऊन चढल्यामुळे परतीला भावाने सायकल पिकअपमध्ये आडवी टाकून मला जळगावला पोहोचवले, वाटेत केळीच्या भावाबद्दल बोलला आणि वकिलाबद्दल बोलला नाही. मीही तो विषय काढला नाही.

निघण्याआधी पुतण्याने मला बाजूला घेतले होते. आप्पांचा मान राखून, पण स्पष्टपणे, त्याने पेट्रोलचे शंभर रुपये मागितले आणि मोबाइलवरचा कोड पुढे केला. मी दिले. मुऱ्हाळ्याला भाडे देणारी खानदेशातली पहिली सासुरवाशीण मीच असावी.

तो टप्पा मी त्यानंतर अनेकदा गेले आहे. या दिवसांत वारा पश्चिमेकडून, म्हणजे जाताना समोरूनच येतो, त्यामुळे ती वेळ एकटीने मोडणे शक्य दिसत नाही. पावसाळा संपून वारा फिरेपर्यंत विक्रम ॲपवर माझ्या नावाने राहील. मी तो आप्पांच्या पुतण्याच्या नावे धरते, शंभर रुपये त्यानेच घेतले आहेत.