सत्ता हवी असेल तर डभई गाठा

आपल्या हाती निर्वेध सत्ता यावी, अशी आपली मनापासून इच्छा असेल, तर शनिवारवाड्यासमोरून जाताना पालखेडचे नाव घेऊन छाती फुगवण्याची पुणेरी सवय आपण प्रथम सोडावी. १७२८ साली पहिल्या बाजीरावांनी पालखेडला निजामाची केलेली कोंडी थोरच होती. परंतु परक्याला हरवून लौकिक मिळतो, अधिकार मिळवायचा तर घरचाच माणूस हरवावा लागतो. त्यासाठी १ एप्रिल १७३१ रोजी गुजरातेत झालेली डभईची लढाई अभ्यासावी.

प्रतिस्पर्धी शक्यतो मानाच्या हुद्द्यावरचा आणि जवळपासचा निवडावा. सेनापती त्र्यंबकराव दाभाडे आपल्या तळेगावचेच. गुजरातेतील चौथाई आपल्या घराण्याची आहे, असे त्यांना वाटे आणि त्यांचे वडील खंडेराव यांनीच तिकडे मराठ्यांचे बस्तान बसवलेले असल्यामुळे त्यांचे वाटणे अगदीच निराधार नव्हते. अशा हक्कदाराशी वाद घालत बसू नये. १७३० मध्ये पेशव्यांनी मोगलांचा सुभेदार सरबुलंदखान याच्याशी परस्पर केला तसा करार करून टाकावा, म्हणजे हक्कदार आपोआप बिथरतो आणि मिळेल त्याचा आधार शोधू लागतो. दाभाड्यांनी निजामाशी संधान बांधले. स्वराज्याचा सेनापती शत्रूला मिळाला, असा बोभाटा करण्यास एवढे पुरेसे असते. पुढे डिसेंबर १७३२ मध्ये रोहे-रामेश्वर येथे बाजीराव त्याच निजामाला भेटले, तशी भेट आपणही अवश्य घ्यावी. आपण घेतली की तिला मुत्सद्देगिरी म्हणतात.

प्रत्यक्ष लढाईविषयी फार सांगण्यासारखे नाही. पिलाजी गायकवाड, कंठाजी कदम बांडे यांसारखे मातब्बर सरदार सोबत असूनही हत्तीवरून लढणारे सेनापती गोळी लागून पडले आणि निकाल लागला.

खरे कौशल्य त्यानंतरचे आहे. मृताच्या मातोश्रींची समजूत घालण्याचे अवघड काम धन्यावर सोपवावे. शाहू महाराजांनी उमाबाईंचे सांत्वन केलेच. पराभूताचे पदही काढून घेऊ नये, कारण रिकाम्या झालेल्या पदावर उद्या एखादा कर्तबगार माणूस येऊन बसण्याचा धोका असतो. सेनापतीची वस्त्रे त्र्यंबकरावांच्या अल्पवयीन भावाला, यशवंतरावांना, मिळाली, गुजरातचे निम्मे उत्पन्न पेशव्यांमार्फत सरकारात जमा व्हावे असे ठरले, आणि पिलाजींना सेनाखासखेल हा किताब मिळाला. मान तळेगावात राहिला, हिशेब पुण्यात आला. याहून सभ्य वाटणी कोणती असू शकते?

एक गोष्ट मात्र विसरू नये. दाभाडे दर श्रावणात तळेगावला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत. डभईनंतर ती प्रथा पेशव्यांनी पुण्यात चालवली आणि गावोगावची वेदशास्त्रसंपन्न मंडळी तळेगावऐवजी पुण्याची वाट धरू लागली. तलवारीने मिळवलेल्या सत्तेला अशी पंडितांच्या आशीर्वादाची जोड मिळाली, की लढाई कोणाशी झाली होती, हे फारसे कोणी विचारत नाही. पुढे पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तेव्हा पाहुण्यांना विद्येचे माहेरघर फिरवून दाखवताना तळेगावचा विषय आपण होऊन काढू नये. त्यांनी काढलाच, तर पालखेडची गोष्ट सुरू करावी.