ग्लुटेन-फ्री बिअरला नापास करण्याआधी

सध्या एक मजकूर फोनवरून फोनवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ग्लुटेन-फ्री बिअर ही आजारी माणसांची तडजोड, तिला ना चव ना फेस, मुळात आंबवताना ग्लुटेन संपूनच जातं, त्यामुळे वेगळी बिअर लागतच नाही, आणि तरीही भीती वाटली तर ‘ग्लुटेन काढलेली’ बार्लीची बिअर घ्या, ती चवीला खरी आणि तितकीच सुरक्षित. माझ्या बहिणीला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू, बार्ली अशा धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने तिच्या आतड्याला इजा होते. तिच्यासारख्या कुणी यावर विश्वास ठेवला, तर त्रास त्या माणसाच्या आतड्याला होणार. म्हणून आधी सुरक्षिततेबद्दल बोलू, चवीकडे नंतर येऊ.

आंबवताना ग्लुटेन संपतं, हे चूक आहे. यीस्ट साखर खातं. बार्लीतलं ग्लुटेन म्हणजे हॉर्डिन हे प्रथिन. ते उकळताना आणि गाळताना काही प्रमाणात कमी होतं, त्याचे तुकडेही पडतात, पण ते तुकडे बिअरमध्ये उरतात. सीलिअ‍ॅक असलेल्याच्या शरीराला अख्खं प्रथिन लागत नाही, तुकडाही पुरतो. ‘गव्हाची नाही ना, मग चालेल’ हा समजही चूकच. आपल्याकडच्या बऱ्याच लागर बिअरमध्ये तांदूळ असतो, पण पाया बार्लीच्या माल्टचाच, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचाच असतो.

‘ग्लुटेन काढलेली’ बिअर जास्त गुंतागुंतीची आहे. यात बार्लीच्या बिअरमध्ये एक एन्झाइम घालतात. ते प्रथिनाची साखळी प्रोलिन या अमिनो आम्लापाशी तोडतं. मुळात हे एन्झाइम बिअर थंड झाल्यावर गढूळ होऊ नये म्हणून वापरात आलं. स्पेनची दाउरा २००६ पासून आणि ओरेगॉनची ओमिशन २०१२ पासून बाजारात आहे, दोन्ही बार्लीच्याच. तपासणीत ग्लुटेनचा आकडा २० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत २० भागांच्या खाली येतो, हे खरं. पण प्रथिनं शोधायची नेहमीची एलायझा तपासणी ठरावीक क्रमाचा तुकडा शोधते. तो तुटला की ती गप्प बसते, बाकीचे तुकडे तिला दिसत नाहीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीलिअ‍ॅक रुग्णांचा रक्तद्रव तीन प्रकारच्या बिअरशी ताडून पाहिला. काहींच्या रक्तद्रवाने ग्लुटेन काढलेल्या बिअरलाही प्रतिसाद दिला. मुळातच ग्लुटेन नसलेल्या बिअरला कुणाच्याच दिला नाही.

नियमही सगळीकडे एक नाहीत. युरोपात २० पीपीएमच्या आत असलेल्या बार्लीच्या बिअरवर ग्लुटेन-फ्री लिहिता येतं. अमेरिकेत ‘ग्लुटेन काढण्यासाठी प्रक्रिया केलेली’ असं लिहावं लागतं आणि सोबत ग्लुटेन असू शकतं असा इशाराही द्यावा लागतो. ऑस्ट्रेलियात तर तपासणीत ग्लुटेन अजिबात सापडता कामा नये. म्हणून लेबलवरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा घटकांची ओळ वाचा. तिथे ‘बार्ली’ दिसली, तर सीलिअ‍ॅक असलेल्याने ती बाटली परत ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चव. या आरोपाला इतिहास आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. २००६च्या सुमारास अमेरिकेत न्यू ग्रिस्ट आणि रेडब्रिज या ग्लुटेन-फ्री बिअर आल्या, त्या ज्वारीवर उभ्या होत्या. हो, आपलीच ज्वारी. तिचं स्टार्च बार्लीच्या स्टार्चपेक्षा जास्त तापमानाला फुगतं, आणि तिथवर पोचेपर्यंत माल्टमधली साखर करणारी एन्झाइम मरू लागतात. त्यामुळे अनेकांनी तयार ज्वारीच्या सिरपचा सोपा रस्ता घेतला. त्यातून पातळ अंगाची आणि शेवटी किंचित आंबट, धातूसारखी चव रेंगाळणारी बिअर निघाली. लोकांनी तीच पहिली बाटली प्यायली आणि मत कायमचं बनवून टाकलं.

पुढे मात्र बरंच काही झालं. कोलोरॅडोत बाजरीवर्गातल्या धान्यांचं आणि कुट्टूचं माल्ट बनू लागलं, साधं आणि भाजलेलंही. पोर्टलंडच्या ग्राउंड ब्रेकरने भाजलेले चेस्टनट आणि मसूर वापरले. माँट्रियालच्या ग्लुटेनबर्गने २०१२च्या वर्ल्ड बिअर कपमध्ये ग्लुटेन-फ्री गटातली तिन्ही पदकं नेली. ज्वारीचा प्रश्नही कमअस्सल धान्याचा नव्हता. नायजेरियाने १९८८ साली बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनी ज्वारीवरच लागर काढली आणि देशाने ती प्यायली.

तुलना कशाशी करता, हेही पाहा. भाकरीला पोळीची चव नाही म्हणून कुणी तिला वाईट म्हणत नाही. कुट्टूच्या एल प्रकारच्या बिअरमध्ये बार्लीची बिस्किटासारखी गोडी शोधलीत तर ती सापडणार नाही. तिथे धान्याचा, अक्रोड-बदामासारखा स्वाद शोधा. बाजरीवर्गातल्या धान्यांचं फिकं माल्ट मात्र बार्लीच्या बरंच जवळ जातं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्याला लोक ‘ग्लुटेन-फ्रीची चव’ म्हणतात, ती बऱ्याचदा जुनेपणाची चव असते. या बिअर कमी खपतात, लांबून येतात, दुकानात पडून राहतात. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास ऑक्सिडेशनचा, म्हणजे ऑक्सिजनमुळे बिअर जुनी झाल्याचा. उग्र, स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा वास उजेड लागलेल्या हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीचा. लोण्यासारखी चव मात्र जुनेपणाची नाही, ती आंबवताना तयार होणाऱ्या डायअ‍ॅसिटिल या रसायनाची. हे दोष बार्लीच्या बिअरलाही तसेच होतात. बाटली भरल्याची तारीख न पाहता धान्याला दोष देणं हा अन्याय आहे.

फेसाबद्दल थोडक्यात. बार्लीची प्रथिनं फेस टिकवतात, त्यामुळे ग्लुटेन-फ्री बिअरमध्ये तो लवकर बसतो, हे मान्य. पण बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या ५० गुणांच्या परीक्षणपत्रात रंग, नितळपणा आणि फेस मिळून ३ गुण आहेत. चवीला २०, वासाला १२. फेसापायी अख्खी बिअर बाद करणारा माणूस परीक्षण करत नाही.

स्वतः पारखायची असेल तर नावं झाका. तीन ग्लास घ्या, दोन ग्लासांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळी कोणती ते ओळखा. फ्रीजमधून काढल्यावर थोडा वेळ थांबा. ४ अंशांवर जीभ बधिर होते, एल ८ ते १० अंशांवर बोलू लागते. आधी वास, मग घोट, मग गिळल्यानंतर काय उरतं ते. ज्वारीच्या सिरपचा तो आंबट शेवट जाणवला तर गुण खुशाल कापा. मात्र ते त्या बाटलीचे कापा, आणि पुढची बाटली कोऱ्या कागदावर सुरू करा.