डाग आतला की बाहेरचा?

कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन प्रकारचे डाग पडतात, बाहेरचे आणि आतले. बाहेरचे म्हणजे चहाचे शिंतोडे, बोटांचे ठसे आणि पावसाळ्यातल्या शिंका. आतले म्हणजे बंद केलेल्या खिडकीचा मागे राहिलेला कोपरा, मेनू मिटला तरी लोंबकळत राहिलेलं 'सेव्ह ॲज', किंवा डायलॉग केव्हाच निघून गेला तरी पडद्याच्या मधोमध ठाण मांडून बसलेलं त्याचं एकटं 'ओके'. आतला डाग फडक्याने निघत नाही, हे मला कळतं. आईला कळत नाही. ती स्वयंपाकघरातून सांगते, "अरे, ओलं करून पूस."

घरून व्हीएनसी, म्हणजे दूरच्या मशीनचा पडदा आपल्याकडे दाखवणारा प्रोग्राम, लावून ऑफिसचं लिनक्स मशीन चालवणाऱ्याच्या नशिबी हे आतले डाग फार. एकदा मीटिंगमध्ये पडदा शेअर केला होता. साहेबांनी विचारलं, "ते मध्ये ओके कसलं आहे?"

"सर, ते नाहीये."

"मला दिसतंय."

"मलाही दिसतंय सर, पण ते नाहीये."

"मग दाबून टाक ना!"

दाबलं. ते खरोखरच नव्हतं. त्याच्या खाली जे होतं ते दाबलं गेलं, आणि सगळ्यांच्या देखत 'रिप्लाय ऑल' उघडलं.

व्हीएनसीचा कारभार मुळात समंजस आहे. आपल्याकडचा प्रोग्राम तिकडच्या सर्व्हरला विचारत राहतो, "काही बदललं का?" आणि तिकडून बदललेला तेवढाच चौकोन येतो. दर वेळी अख्खा पडदा मागवणं परवडत नाही. 1920 बाय 1080 म्हणजे 20,73,600 ठिपके. ठिपक्याला चार बाइट धरले, तर दाबून लहान करण्याआधी एका चित्राचे 82,94,400 बाइट होतात. आमच्या सोसायटीतलं इंटरनेट एवढं ऐकूनच बसतं. म्हणून बदललेलं तेवढंच पाठवायचं. पण काय बदललं, हे त्या सर्व्हरला सांगणार कोण?

पूर्वी कोणीच सांगत नसे. एक्स11व्हीएनसी नावाचा प्रोग्राम बिचारा दर 32 ओळींतली एक ओळ वाचून बघायचा, फरक दिसला की आजूबाजूला चाचपायचा आणि पुढच्या फेरीला दुसरी ओळ धरायचा. मग एक्ससाठी, म्हणजे लिनक्सवर खिडक्या आणि पडदा सांभाळणाऱ्या जुन्या व्यवस्थेसाठी, कीथ पॅकार्ड या प्रोग्रामरने डॅमेज नावाचं एक्स्टेन्शन केलं आणि 2004 च्या एक्स11आर6.8 या आवृत्तीबरोबर ते सगळीकडे आलं. खिडकीत कोणी काही रंगवलं की आता पडदा रंगवणारा एक्स सर्व्हर स्वतःच व्हीएनसीला वर्दी देतो.

वर्दीचे चार प्रकार आहेत, आणि अवकाळी पावसानंतरचे पंचनामे ज्याने पाहिलेत त्याला ते समजावून सांगावे लागणार नाहीत. पहिल्यात येईल ते लिहून घ्यायचं. तोच गुंठा चारदा सांगितला तर चार नोंदी. दुसऱ्यात आधी लिहिलेलं सोडून नवं तेवढंच. तिसऱ्यात सगळं नुकसान मावेल असा एकच मोठा चौकोन आखायचा आणि आत उभं पीक असलं तरी तिकडे बघायचं नाही. चौथ्यात नुसता फोन: "नुकसान झालंय." किती, कुठे, ते तुम्ही येऊन बघा.

मला छळलं ते तिसऱ्याने. ऑफिसच्या मशीनवर वर उजव्या कोपऱ्यात सेकंदांसकट घड्याळ होतं आणि खाली डावीकडे टर्मिनलचा लुकलुकणारा कर्सर. घड्याळाची जागा 120 बाय 24, कर्सरची 2 बाय 20, दोन्ही मिळून 2,920 ठिपके. पण दोघांना कवेत घेणारा चौकोन म्हणजे जवळजवळ अख्खा पडदा! काम शून्य, वाहतूक मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेची. आणि ऑफिसात सेकंद लागतात कोणाला? साडेसहाला उठणाऱ्याला. मी ते बंद केले.

पडद्यावरची भुतं, म्हणजे ते आतले डाग, मात्र गेली नाहीत. कॉम्पोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या जुळवून एक पडदा करणारा प्रोग्राम, ग्राफिक्स कार्डाकडून परस्पर चित्र काढून घेतो तेव्हा काही ठिकाणी ही वर्दी पोहोचतच नाही. त्यावरचा जुना जाणता उपाय म्हणजे डॅमेजवर विश्वासच ठेवू नका, पुन्हा ओळी वाचत बसा. तो केला. भुतं गेली आणि ऑफिसातल्या मशीनचा पंखा शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू येऊ लागला.

घरच्या लॅपटॉपवर एक्सच्या जागी आलेलं वेलँड आहे. तिथे सर्व्हर पाहणीला जातच नाही. प्रोग्रामने नवं चित्र जोडायचं, कुठे बदल झाला ते आपणहून सांगायचं आणि कमिट म्हणायचं. आपणहून सांगायचं म्हटल्यावर काय होणार ते उघड आहे. बरेच प्रोग्राम बदल झालेल्या भागाची रुंदी 2,14,74,83,647 ठिपके आणि उंचीही तितकीच लिहून मोकळे होतात. अधिक-उणे चिन्हासकट 32 बिटांत मावणारा तो सगळ्यात मोठा आकडा. इंचाला 96 ठिपके धरले तर 568 किलोमीटर होतात. म्हणजे मुंबईहून निघालेली खिडकी रस्त्याने पणजीच्या आसपास संपते. कॉम्पोझिटर चकार शब्द न काढता खिडकीच्या बाहेरचं कापतो आणि कामाला लागतो.

लोक या आकड्याला हसतात. मी हसत नाही. खोटं बोलायचंच तर असं भरघोस बोलावं. बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण पडद्यावर भूत राहणार नाही. खरा ताप कमी सांगणाऱ्यांचा. माझा एक एडिटर दोन बफर, म्हणजे चित्र रंगवायच्या दोन पाट्या, आलटून-पालटून वापरतो. हातात आलेल्या बफरवर त्यामुळे मागचं नाही, त्याच्याही मागचं चित्र असतं. दोन्ही वेळचे बदल भरून काढायला हवेत. हा पठ्ठ्या फक्त आत्ताचा भरतो. मी 'नमस्कार' लिहिलं की शेवटचा 'र' कर्सरच्या प्रत्येक उघडझापीला येतो आणि जातो. नमस्कार, नमस्का, नमस्कार, नमस्का. पत्र कोणाला लिहितोय तेच विसरायला होतं.

शेवटी कोण किती रंगवतं ते बघूच, म्हणून केडीई डेस्कटॉपच्या केविन या कॉम्पोझिटरमधला 'शो पेंट' इफेक्ट लावला. पडद्याचा जो भाग नव्याने रंगवला जाईल त्यावर रंगाची झाक येते. आणि काय दिसावं! थांबवून ठेवलेला गाण्यांचा प्रोग्राम डावीकडे अखंड रंग बदलत होता. चॅटची खिडकी एका कर्सरपायी नखशिखांत हिरवी, मग जांभळी. आणि ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त संशय घेतला होता तो ब्राउझर मात्र एखाद्या सभ्य गृहस्थासारखा आपल्या एवढ्याशा चौकोनापुरता लुकलुकत होता.

हा सगळा तपास ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून चालला होता. मागून नवीन लागलेला एक मुलगा ताट घेऊन आला आणि उभाच राहिला.

"भारी आहे दादा. कुठली थीम?"

मी त्याला पंधरा मिनिटं वर्दी, चौकोन, बफर सगळं समजावून सांगितलं. तो ताट धरून मान हलवत राहिला.

"ते कळलं," तो म्हणाला, "पण यात डार्क मोड आहे का?"